सर्वांत आधी उठणारी मुलगी

सोमवार, १० नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, पण वर्ग भरले नाहीत. उसाच्या टोळ्या गेल्या की आमच्याकडे दरवर्षी असंच होतं. सहावी-सातवीचे निम्मे बाक मोकळे. पोरं आईबापांबरोबर ट्रकमध्ये बसून गेली, आता ती उन्हाळ्यातच दिसतील.

निदान दहावीतलं कुणी जाऊ द्यायचं नाही असं मी ह्या वर्षी ठरवलं होतं. दसऱ्यानंतर घरोघर फिरले. जालिंदर ओव्हाळांच्या घरी तर पुन्हा पुन्हा गेले. त्यांची आम्रपाली वर्गात पहिली येत नाही, पण गणितात असं डोकं मी बऱ्याच वर्षांत पाहिलेलं नाही. शेवटी जालिंदरराव म्हणाले, "शब्द देतो मॅडम. दहावी होस्तोर पोरीला फडात न्हाई उभं करणार. आमी दोघं जातो, ती आजीपशी राहील."

आज ती पहिल्या बाकावर होती. वेण्या तेलाने चापून बसवलेल्या. बरं वाटलं.

वर्गात मी जरा कडकच बोलले. "मधेच कुणी उसाला गेलं, तर हॉल तिकीट माझ्या हातात असतं, लक्षात ठेवा." भीती असलेली बरी.

दुपारी मुख्याध्यापक खाडे सरांनी बोलावून गॅदरिंगचं काम गळ्यात घातलं. "मनिषा मॅडम, तुमच्याशिवाय हे कुणाला जमतंय?" हे वाक्य आता मला पाठ झालंय. नाताळच्या सुट्टीआधी सगळं उरकायचं आहे: गॅदरिंग, विज्ञान प्रदर्शन, लेझीमची स्पर्धा, दहावीच्या सराव परीक्षेची तयारी. आमच्या गावाचा नाताळशी काय संबंध ते विचारू नये. सुट्टी मात्र सगळ्यांना हवी असते, मलाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

खाडे सरांची नवी योजना, पहाट अभ्यासिका. दहावीच्या मुलांनी पहाटे उठून आपापल्या घरीच अभ्यास करायचा, आणि शिक्षकांनी त्यांना फोनने उठवायचं. मुलींचे नंबर माझ्याकडे, मुलांचे लखन सरांकडे. लखन सर दहावीचे वर्गशिक्षक. वय लहान, नोकरी कंत्राटी, लेझीमही त्यांच्याच डोक्यावर. पद्धत अशी की मी मिस कॉल द्यायचा आणि मुलीने तो कट करायचा. कट झाला म्हणजे मुलगी जागी. बोलायची गरज नाही.

पहिल्या पहाटे मुलींपेक्षा त्यांचे आजोबाच जास्त उठले. एक पुरुषी आवाज खेकसला, "कोण हाय बे एवढ्या रामपारी?" म्हटलं, "गणिताची मॅडम." पलीकडे फोन पडल्याचा आवाज आला.

ह्यांनी पांघरुणातून विचारलं, "सगळ्या गावाला उठवतेस, मग आमचा चहा कोण करणार?"

"जो उठेल तो," मी म्हटलं.

आम्रपालीने दोन रिंगा झाल्यावर कट केला.

बुधवार, २६ नोव्हेंबर

डोकं दुखतंय. नाटुकल्यासाठी मुलं मिळत नाहीत, समूहगीतासाठी पेटी वाजवणारा मिळत नाही, आणि पहाटे उठून उठून माझी झोप दिवसभर डोळ्यांत राहते. उद्यापासून गेवराईला निवडणुकीच्या ड्युटीचं प्रशिक्षण, मग ती ड्युटी.

शाळा सुटल्यावर आम्रपाली मागे थांबली. "मॅडम, दहावीला हजेरी किती टक्के लागती?"

"पंचाहत्तर. तुला कशाला काळजी? तू तर रोज येतेस."

"आसंच इचारलं." मग जरा वेळाने, "आन् मधी आजारी पडलं तर?"

"डॉक्टरचा दाखला आणायचा."

तिने मान हलवली आणि एकदम वाकून पाया पडली. मी म्हटलं, "परीक्षा मार्चमध्ये आहे. आशीर्वाद आत्ताच काय नेतेस?" ती हसली नाही. काही विचारणार होते, तेवढ्यात लखन सर स्पीकरवाल्याशी भांडून आले आणि त्यांचं ऐकण्यात संध्याकाळ गेली.

बुधवार, ३ डिसेंबर

गेवराईहून रात्री परतले. मतदान केंद्रावर झोपायला सतरंजी होती, पण झोप नव्हती. पहाटेचे मिस कॉल तिथूनही चुकवले नाहीत, हे खाडे सरांना मुद्दाम सांगितलं.

थंडी वाढली तशा मुली आळशी झाल्यात. फोन पूर्ण वाजतो, मग आई उचलते, मग "उठवते हं मॅडम" म्हणून पुन्हा झोपते. आम्रपालीचं मात्र उलटं आहे. आता पहिली रिंग पुरी व्हायच्या आत कट करते, जशी काही वाटच बघत बसलेली असते. ही मुलगी नाव काढणार.

शनिवार, ६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिनाचा कार्यक्रम. दरवर्षी आम्रपालीचं भाषण ठरलेलं असतं. ह्या वर्षी तिचं भाषण राजनंदिनीने वाचलं. राजनंदिनी सरपंचांची मुलगी, आम्रपालीच्या बाकावर बसते. दोघी पाचवीपासून चिकटलेल्या.

"आम्रपालीचा घसा बसलाय, मॅडम. तिनं फोनवर सांगितलं, मी लिहून घेतलं."

"घसा बसलाय तर फोनवर कसं सांगितलं?"

"हळूहळू सांगितलं."

एरवी ह्यावर वर्ग खिदळला असता. आज कुणी हसलं नाही. कार्यक्रमाचं गांभीर्य मुलांना कळायला लागलंय, ही चांगली गोष्ट आहे.

भाषण उत्तम होतं. कौतुक करायला दुपारी फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला. आवाज ठीक होता, फक्त दम लागल्यासारखा. मागे ट्रॅक्टर, बायकांचा गलका. कुणीतरी ओरडलं, "ए पोरी, गाडी भरायची हाय, फोन कोनाचा?"

"कुठे आहेस ग?"

"रस्त्याच्या कडंला, मॅडम."

त्यांचं घर रस्त्यालाच आहे, दिवसभर वर्दळ. अशा कलकलाटात पोरगी अभ्यास कशी करत असेल? हळदीचं दूध घे म्हणून सांगितलं.

गुरुवार, ११ डिसेंबर

बाजारात आम्रपालीची आजी वत्सलाबाई भेटल्या.

"पोरगी बरी आहे ना?"

"बरी हाय की. तिला काय हुतंय."

"अभ्यास करते का?"

"तुमच्या फोनवर उठती म्हणं रोज."

पिशवीत पाव किलो वांगी आणि एक जुडी मेथी. मी सहज म्हटलं, "एवढ्यात दोघींचं भागतं?" म्हातारी म्हणाली, "भागवायचं, बाई," आणि अशी लगबगीने निघाली की भाजीवालीने मागून हाक मारली तरी वळली नाही.

एकदा त्यांच्या घरी जाऊन यायला हवं. उद्या जाईन.

शुक्रवार, १२ डिसेंबर

गेले नाही. विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीत ज्वालामुखीने टेबलाचं कापड जाळलं. संध्याकाळ त्यातच गेली.

बुधवार, १७ डिसेंबर

दहावीच्या तासाला आजही निम्मी मुलं नव्हती; तालमी सुरू झाल्यापासून रोज हेच. "आम्रपाली?" "लेझीममध्ये, मॅडम," तीन-चार जणी एका सुरात म्हणाल्या. मैदानावर लखन सर भेटले. म्हणाले, "ती विज्ञान प्रदर्शनात आहे ना?" "मुली तर लेझीममध्ये म्हणाल्या," मी म्हटलं. मग कुणीतरी ढोल फोडल्याची बातमी आली आणि ते पळाले. पळता पळता म्हणाले, "हजेरीचं बघू नका मॅडम. गॅदरिंगच्या दिवसांत सगळे हजरच, तुमीच म्हणला व्हता." म्हणाले होते खरं.

राजनंदिनी हल्ली मला फळा पुसू देत नाही. आधी मोबाइलवर फोटो काढते. ह्या पोरांना लिहायचा एवढा कंटाळा! आम्रपाली निदान गणितं सोडवून फोटो तरी पाठवते. आजची सगळी बरोबर होती. पण कागद मळलेला, अक्षर वाकडं, फोटोच्या कडेला हिरवी पाती आलेली. बहुतेक शेतात बसून लिहिते. मी उत्तर पाठवलं, "घरात टेबलाशी बसून लिहीत जा. अक्षर बिघडलंय." लगेच नाही, दिवेलागणीला उत्तर आलं, "हो मॅडम."

शनिवार, २० डिसेंबर

खाडे सर म्हणतात, पहाट अभ्यासिकेचं एक बक्षीस द्यायचं. पाहुणे शिक्षण खात्यातले आहेत, योजना त्यांच्या डोळ्यांत भरली पाहिजे. सर्वांत आधी उठणारा विद्यार्थी! बक्षीस गजराचं घड्याळ. मला विचार करावाच लागला नाही. आम्रपालीचं नाव दिलं.

राजनंदिनी सूत्रसंचालन करणार आहे. नाव वाचून म्हणाली, "मॅडम, हे दुसऱ्या कुणाला द्या ना."

"का? मैत्रिणीला बक्षीस मिळतंय तर पोटात दुखतं?"

तिने ओठ चावला आणि निघून गेली. श्रीमंताघरच्या मुलींना हे शिकवायलाच हवं.

बुधवार, २४ डिसेंबर

गॅदरिंग झालं. घडलं ते लिहून ठेवते.

समूहगीत, नाटुकलं, लेझीम, सगळं ठीक पार पडलं. मांडव गच्च होता. बक्षिसांची वेळ आली. राजनंदिनीच्या हातात माइक होता, पण तिने ते नाव वाचलंच नाही, पुढच्या नावावर गेली. मला वाटलं, मुद्दाम करतेय. मी उठले, तिच्या हातातून माइक घेतला आणि स्वतः म्हणाले, "पहाट अभ्यासिकेत सर्वांत आधी उठणारी विद्यार्थिनी, आम्रपाली जालिंदर ओव्हाळ!"

टाळ्या नाहीत. पाहुणे घड्याळ हातात धरून उभे. मी पुन्हा म्हणाले, "लाजू नकोस बाळ, ये लवकर."

मागून एका पोराचा आवाज आला, "लवकर कशी येईल? लई लांबून यावं लागंल तिला, मॅडम!"

थोडे हसले. मग दहावीचा अख्खा वर्ग खाली बघायला लागला. राजनंदिनी पडद्यामागे रडत उभी होती.

"कुठे आहे ती?"

"उसाला."

"कधीपासून?"

"तुमी गेवराईला गेलतात तवापासून. तिची आई, मालनकाकू, मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरनं पडल्या. कंबर गेली त्यांची, उभं राहता येईना. काका एकटे. एकट्याचा कोयता मुकादम ठेवत न्हाई."

हे मला माहीत आहे. इथे सगळ्यांनाच माहीत असतं. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधून वाहते, दोघांचा मिळून एक कोयता. एक माणूस पडलं की घरातलं दुसरं उभं करावं लागतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी हॉल तिकीट अडवताल म्हणून. सगळ्या वर्गाला शपथ घातली तिनं."

"पण ती रोज माझा फोन कट करते! सगळ्यांच्या आधी!"

राजनंदिनीने नाक पुसलं. "मॅडम, ती लोकं तुमच्या आधीच उठलेली असतात. फडात निघायला."

खाडे सर पडद्यातून आत आले. "पाहुण्यांसमोर तमाशा नको. तब्येतीमुळे गैरहजर, असं सांगा." मी बाहेर जाऊन तसं सांगितलं. आवाजही नीट आला. त्यानंतर लेझीमच्या बक्षिसाला केवढ्या टाळ्या पडल्या.

शुक्रवार, २६ डिसेंबर

काल दिवसभर पडून होते. आज सकाळी ह्यांनी न विचारताच गाडी काढली. राजनंदिनीकडून पत्ता घेतला होता. कर्जत मागे टाकून भीमेच्या बाजूला गेलो, तिथे रस्त्याकडेला ऊसतोड्यांच्या खोपींची रांग दिसली.

वाटेत मी बोलायचं सगळं ठरवून ठेवलं होतं. दिलेला शब्द, मुलीचं डोकं, मुलीचं आयुष्य. खोपीत वाकून पाहिलं तर मालनबाई पोत्यावर एका कुशीवर झोपलेल्या, कमरेला फडक्यात गुंडाळलेली गरम वीट. मला बघून उठायला गेल्या आणि तिथेच थांबल्या.

आम्रपाली फडातून आली. परकरावर वडिलांचा शर्ट, डोक्याला टॉवेल, हातांवर पात्यांचे ओरखडे. महिन्याने भेटत होतो. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मॅडम, फोन तर रोज कट केलता म्या."

माझं ठरवलेलं सगळं गेलं.

जालिंदरराव मागे उभे होते. "शब्द म्या मोडला. मला बोला, तिला नका बोलू."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं. पडून ऱ्हावा म्हणले. पडून ऱ्हायला हे काय म्हायेर हाय?" मालनबाईच आतून म्हणाल्या. दोन-तीन बायका हसल्या.

मुकादम झाडाखाली बसला होता. वाईट माणूस वाटला नाही, दमलेला वाटला. "मॅडम, तुमचं गणित शाळंत. हितं कोयता मोडला की अख्ख्या टोळीची गाडी अडती. पोरीला न्या की, म्या धरलंय का? पण मोळ्या कोण बांधणार, तेवढं सांगून जावा."

मी म्हटलं, हॉल तिकिटाचं मी बोलले ते विसरा. हजेरीचं मी बघते, दाखल्याचं बघते. जानेवारीत सराव परीक्षा आहे, मग प्रात्यक्षिकं. आता गेली नाही तर ही पुन्हा शाळेत येणार नाही. सुट्टीत माझ्या घरी राहू दे.

आम्रपाली पायाने पाचट ढकलत होती. म्हणाली, "मी नंतर देईन परीक्षा. पुढल्या वर्षी."

तेव्हा मालनबाई खोपीचा बांबू धरून उभ्या राहिल्या. "उगं नाटकं करू नको. मला आता बरं हाय. चार दिस झाले, नुसती सुस्तावून पडलीय." त्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि ट्रककडे चालत गेल्या. जालिंदरराव काहीतरी पुटपुटले. "द्या म्हणलं ना," त्या म्हणाल्या. जालिंदररावांनी मोळी बाईंच्या डोक्यावर ठेवली. बाई फळीवरून वर चढल्या, मोळी टाकली, खाली आल्या. कमरेला हातसुद्धा लावला नाही.

"बगितलं का मॅडम? न्या पोरीला."

"आई," आम्रपाली एवढंच म्हणाली.

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. त्या सरळ चालत होत्या. मुलं आईच्या दुखण्याला घाबरून जास्तच धरून बसतात, असंही मनात आलं.

आम्रपालीने पिशवी भरली. निरोप द्यायला मालनबाई गाडीपर्यंत आल्या नाहीत. ट्रकच्या चाकाला टेकून, आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. दमल्या असतील.

कर्जतला ह्यांनी भेळ घेतली. आम्रपालीने कागद हातात धरला आणि आष्टी येईपर्यंत तसाच धरून ठेवला. ह्यांनी विचारलं, "तिखट आहे का ग?" तिने मान हलवली, पण भेळेला हात लावलेला नव्हता.

सोमवार, २९ डिसेंबर

सुट्टी चालू आहे. झोप भरून काढीन म्हटलं होतं, पण मी उठते तेव्हा अंगण झाडून झालेलं असतं. हे काम तुझं नाही, असं आम्रपालीला दोनदा सांगितलं. "सवय हाय," म्हणते.

काल खाडे सरांच्या घरी जाऊन हजेरीचं बोलून आले. कुरकुरले, पण जमेल. लखन सरांनी स्वतःहून रोज संध्याकाळी विज्ञान शिकवायचं कबूल केलं. राजनंदिनी येऊन गेली. दोघी दारात बराच वेळ कुजबुजल्या, मी आले तशा गप्प झाल्या.

आज सकाळी तिला विचारलं, "आईचा फोन आला होता?"

"आलता."

"काय म्हणाल्या?"

"बरी हाय म्हणली."

हे ती पुस्तकाकडे बघून म्हणाली. पुस्तक तिने अजून उघडलं नव्हतं.

आतल्या खोलीत ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मला आणखी विचारायचं होतं. फोन आईनेच केला होता का. त्या फळीवर चढतात का, की कुणी दुसरं चढतं. रात्री झोप लागते का. ह्यातल्या एकाही प्रश्नाचं खरं उत्तर आलं असतं, तर गाडी पुन्हा काढावी लागली असती. मी विचारलं नाही. तिनेही आपण होऊन सांगितलं नाही. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मी विचारतेय का ते बघत असल्यासारखी.

"त्रिकोणमिती घ्यायची का?" मी म्हटलं.

"घ्या मॅडम," ती म्हणाली, आणि तिने पुस्तक उघडलं.